उद्या एकच नसतो

मागच्या जून महिन्यातली गोष्ट. दहावीचा निकाल लागून गेला होता आणि अकरावीच्या प्रवेशाची धावपळ चालू होती. कळमेश्वरातल्या आमच्या ओळखीच्या एका घरी आम्हाला मगरिबनंतर चहाला बोलावणे आले. त्या घरची मुलगी आमची विद्यार्थिनी. चांगल्या गुणांनी पास झाली होती आणि विज्ञान शाखेसाठी नागपूरच्या कॉलेजात जायचे म्हणत होती. तिचे अब्बा इथल्या एमआयडीसीत कामाला आहेत. माणूस कष्टाळू, पाच वेळचा नमाजी, मुलांवर जीव टाकणारा. चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, "सर, पोरगी हुशार आहे ते मला कळतं. पण हालात तुम्ही बघताच आहात. पुढं या मुलकात काय होणार ते दिसतंच आहे. मग शिकवून तरी काय करायचं? दोन वर्षांत बरं स्थळ आलं तर उरकून टाकू."

मुलगी दाराशी उभी होती. काही बोलली नाही. दादी तस्बीह फिरवत होत्या. आम्हालाही लगेच उत्तर सुचले नाही.

घरी परतताना एक गोष्ट मनात घोळत राहिली. या बापाने आपल्या मुलीचा निर्णय पैशावरून घेतला नव्हता, तिच्या बुद्धीवरूनही नव्हता. त्याने तो देशाच्या भविष्यावरून घेतला होता. आणि ते भविष्य त्याच्या मनात एकच होते. मोबाईलवर रोज येणाऱ्या चित्रफितींनी ते इतके पक्के केले होते की दुसरेही काही घडू शकेल, हा विचारच उरला नव्हता. वाचक बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी किती घरांत आज असेच चालले आहे? कोणी 'सगळे संपले' म्हणतो, कोणी 'सगळे आपोआप ठीक होईल' म्हणतो. दोघांचेही हात मात्र रिकामेच राहतात.

या दुखण्यावर जगात एक जुने औषध आहे. त्याला 'सिनॅरिओ प्लॅनिंग' म्हणतात. नाव जड आहे, काम सोपे आहे. आम्ही त्याला 'शक्यतांची मांडणी' म्हणतो. भविष्य काय असेल हे सांगण्याचा आव इथे नसतो. भविष्य काय काय असू शकेल, याच्या तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी नीट रचायच्या आणि प्रत्येक गोष्टीत आपण काय करू ते आजच ठरवायचे.

गंगेचा पूर आणि तेलाचा भाव

ही पद्धत आधी लष्करी अभ्यासात वापरली गेली. पुढे 'शेल' या तेल कंपनीत पिएर वाक नावाच्या फ्रेंच गृहस्थांनी तिला आकार दिला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तेल स्वस्त होते आणि स्वस्तच राहील असे सगळे धरून चालले होते. वाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपनीच्या अधिकाऱ्यांपुढे दुसरी चित्रेही ठेवली. तेल विकणाऱ्या देशांनी हात आखडता घेतला तर काय, हे त्यातले एक चित्र. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलबंदी केली आणि काही महिन्यांत पिंपाचा भाव सुमारे तीन डॉलरवरून बारा डॉलरच्या घरात गेला. बाकीच्यांची तारांबळ उडाली. शेलच्या लोकांनी या प्रसंगाचा विचार आधीच केलेला होता, म्हणून ते लवकर सावरले.

वाक आपले म्हणणे समजवताना आपल्या गंगेचाच दाखला देत. गंगेच्या वरच्या खोऱ्यात धो धो पाऊस पडला की ऋषिकेशला, मग अलाहाबादला, मग बनारसला किती दिवसांनी पाणी चढणार हे सांगता येते. त्याला ज्योतिषी लागत नाही, कारण पाऊस पडून गेलेला असतो. भविष्यातल्या काही गोष्टी अशा पक्क्या असतात. आज आमच्या नववीच्या वर्गात बसलेली मुले २०४७ मध्ये पस्तिशीच्या आसपास असतील, हे पक्के आहे. ती कोणत्या नोकरीत असतील, कोणत्या मोहल्ल्यात राहतील, शेजाऱ्यांशी त्यांचे कसे असेल, हे कच्चे आहे. पक्के कोणते आणि कच्चे कोणते, एवढे वेगळे करता आले तरी अर्धी भीती उतरते.

वैऱ्यांनी एकत्र रचलेल्या चार गोष्टी

एखाद्या देशाने आपल्या भविष्यासाठी ही पद्धत कशी वापरावी, याचा सर्वात गाजलेला दाखला दक्षिण आफ्रिकेचा आहे. हा देश आपल्याला तसा परका नाही. आपल्या कोकणातले मुसलमान तिथल्या केपटाऊन शहरात कितीतरी पिढ्यांपूर्वी जाऊन स्थायिक झाले आणि आजही तिथे त्यांना 'कोकणी' म्हणूनच ओळखतात. वर्णभेदाची झळ त्यांनीही सोसली.

फेब्रुवारी १९९० मध्ये नेल्सन मंडेला सत्तावीस वर्षांच्या कैदेतून सुटले. गोऱ्यांची सत्ता अजून गेली नव्हती आणि नवे सरकार अजून आले नव्हते. रस्त्यावर खून पडत होते. हा देश यादवीत बुडणार, असे जगभर बोलले जात होते. अशा वेळी १९९१-९२ मध्ये केपटाऊनजवळच्या मॉन फ्लर नावाच्या ठिकाणी २२ माणसे एकत्र आली. त्यांत काळ्यांच्या चळवळीचे कार्यकर्ते होते, गोरे उद्योजक होते, कामगार पुढारी, प्राध्यापक आणि अर्थतज्ज्ञ होते. एकमेकांचे तोंड न पाहणारी माणसे ती. बैठकी चालवायला शेलमध्ये काम केलेले ॲडम कहाने नावाचे कॅनडाचे गृहस्थ आले होते. त्यांनी एकच नियम घातला. काय व्हायला हवे, यावर बोलायचे नाही. काय होऊ शकते, एवढ्यावरच बोलायचे. दुसऱ्याची गोष्ट ऐकताना 'हे चूक आहे' असे म्हणायचे नाही. 'असे का होईल?' आणि 'मग पुढे काय होईल?' हेच विचारायचे.

या साध्या नियमाने मोठे काम केले. एका कार्यकर्त्याने गोष्ट मांडली की चीनचे लष्कर मदतीला येईल आणि क्रांती होईल. कोणी त्याच्याशी भांडले नाही. सगळे फक्त शांत पाहत राहिले. बोलता बोलता त्याला स्वतःलाच उमगले की हे काही घडण्यासारखे नाही. तो खाली बसला आणि ती गोष्ट पुन्हा निघाली नाही. वाद घातला असता तर तो माणूस शेवटपर्यंत त्याच गोष्टीला चिकटून बसला असता, असे आम्हाला वाटते.

सुरुवातीला तीस गोष्टी निघाल्या. त्यांच्या नऊ झाल्या आणि शेवटी चार उरल्या. त्यांना नावे पक्ष्यांची आणि उडण्याची दिली. पहिली शहामृगाची. गोरे सरकार वाळूत डोके खुपसून बसते, खरी तडजोड होतच नाही. दुसरी लंगड्या बदकाची. तडजोड होते, पण सत्तांतर इतके रेंगाळते की कोणालाच निर्णय घेता येत नाही. तिसरी इकारसची. ग्रीक कथेतला हा तरुण मेणाचे पंख लावून सूर्याकडे झेपावला आणि पंख वितळून पडला. तसे नवे लोकप्रिय सरकार तिजोरीचा विचार न करता खर्च करते आणि अर्थव्यवस्था कोसळते. चौथी फ्लेमिंगोंची. हे पक्षी हळूहळू उठतात, पण सारा थवा बरोबर उठतो.

या गोष्टी कपाटात ठेवल्या गेल्या नाहीत. त्यांची छोटी पुस्तिका वर्तमानपत्रासोबत घरोघर वाटली, चित्रफीत काढली, गटागटाने लोकांपुढे मांडल्या. 'आपण इकारस तर होत नाही ना?' हा प्रश्न राजकारणाच्या बोलीत शिरला. त्या २२ जणांतले ट्रेव्हर मॅन्युएल पुढे देशाचे अर्थमंत्री झाले आणि टिटो म्बोवेनी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर. दोघांनीही खर्चाला आवर घातला. एप्रिल १९९४ मध्ये सर्वांच्या मताने निवडणूक झाली आणि ज्या यादवीची सगळ्यांना खात्री होती ती झाली नाही.

हे सगळे चार गोष्टींमुळे झाले, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. त्यामागे लाखो लोकांचा लढा होता आणि मोठे नेतृत्व होते. आणि थवा खरोखर बरोबर उठला असेही नाही. जगातल्या सर्वात जास्त विषमतेच्या देशांत दक्षिण आफ्रिका आजही आहे, बेरोजगारीने तिथले तरुण हैराण आहेत. पण समोरच्या माणसाच्या डोळ्यांनी आपला देश एकदा तरी पाहता येतो, हे त्या बैठकींनी दाखवले. आमच्या मते त्यांची खरी कमाई हीच.

आपल्या देशाच्या गोष्टी

भारतातही असे प्रयत्न झाले आहेत. २००५ च्या सुमारास वर्ल्ड इकॉनॉमिक फोरम आणि भारतीय उद्योग महासंघ यांनी मिळून २०२५ पर्यंतच्या भारताची तीन चित्रे काढली. 'पहले इंडिया' या चित्रात सर्वांना सोबत घेऊन होणारी प्रगती होती. 'बॉलीवर्ल्ड'मध्ये वरवरचा झगमगाट आणि खाली वाढती दरी. तिसरे 'अटकता भारत', म्हणजे आतून सुधारणा नाही आणि बाहेरून साथ नाही, असा अडकलेला देश. २०२५ साल आता उलटून गेले. तिन्हीपैकी एकही चित्र जसेच्या तसे उतरले नाही, आणि तशी अपेक्षाही नसते. पण आमच्या कळमेश्वरातच पाहिले तर तिन्हींचे तुकडे सापडतील. काटोल रोडला चकचकीत गाड्या धावतात. एमआयडीसीच्या फाटकाशी पोरे कंत्राटी कामासाठी उभी असतात. आणि कुठल्या तरी गरीब घरची मुलगी तेवढ्यातच इंजिनिअर होऊन जाते.

पुढे बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या वेळी नियोजन आयोगाने हीच पद्धत वापरली. आयोगाचे सदस्य अरुण मायरा यांचा त्यात पुढाकार होता. त्यांच्या तीन गोष्टींचा मतलब असा. पहिलीत देश कसाबसा रेटत राहतो. दुसरीत विश्वास तुटतो आणि सगळे विस्कटते. तिसरीत लहान-लहान होड्यांचा ताफा एका दिशेने पुढे सरकतो, म्हणजे गावे, शहरे, बचत गट, छोटे उद्योग आपापल्या बळावर पण एकमेकांना धरून चालतात. २०१२ ते २०१७ च्या त्या योजनेच्या दस्तऐवजातही एकच आकडा देऊन आयोग थांबला नाही. निर्धाराने काम झाले तर वाढीचा दर आठ टक्के, अर्धवट झाले तर सहा ते साडेसहा, आणि धोरणे अडकून पडली तर पाच ते साडेपाच, असे तीन रस्ते त्याने दाखवले. १ जानेवारी २०१५ रोजी नियोजन आयोगाच्या जागी निती आयोग आला.

आता आपण 'विकसित भारत २०४७' ऐकतो. ते एक स्वप्न आहे, आणि स्वप्न असायलाच हवे. पण स्वप्न आणि शक्यतांची मांडणी यांत फरक आहे. स्वप्न कुठे पोचायचे ते सांगते. मांडणी विचारते, वाटेत पूल वाहून गेला तर काय कराल?

आणखी एक विचार आमच्या मनात येतो. २००६ मध्ये सच्चर समितीने देशातल्या मुसलमानांची त्या वेळची परिस्थिती आकड्यांनिशी मांडली. तो अहवाल आपण खूप ठिकाणी दाखवला आणि ते योग्यच होते. पण 'आज आपण कुठे आहोत' याचीच चर्चा करत वीस वर्षे गेली. 'उद्या आपण कुठे कुठे असू शकतो' याची चर्चा आपल्या वस्तीत किती वेळा झाली? दुसऱ्यांनी काढलेल्या चित्रात आपली जागा शोधत बसायचे, की चित्र काढायला आपणही बसायचे?

हे गैबात डोकावणे तर नाही?

आमच्या एका सहकाऱ्याने शंका काढली. भविष्याचे ज्ञान अल्लाहलाच आहे, मग या भानगडीत पडावे का? शंका रास्त आहे आणि उत्तरही सोपे आहे. जो म्हणतो 'असेच होणार', तो गैबाचा दावा करतो. जो म्हणतो 'असेही होईल, तसेही होईल, मी तयार राहीन', तो बंदा आपली मर्यादा ओळखून बोलतो. या हिशेबाने पाहिले तर 'आता सगळे संपले' म्हणणाराच जास्त सांभाळून बोलायला हवा. हजरत युसूफ अलैहिस्सलाम यांचा किस्सा आपल्या मुलांनाही पाठ असतो. तिथे येणाऱ्या सात सुकाळाच्या आणि सात दुष्काळाच्या वर्षांचे ज्ञान अल्लाहने दिलेले होते. आपल्याला ते नाही. पण सुकाळात कणसांसकट धान्य राखून ठेवण्याची अक्कल तर त्यातून घेता येते. उंट आधी बांधावा, मग तवक्कुल करावा, ही शिकवणही आपल्याच घरातली आहे.

संत्र्याच्या बागेतली शाळा

खरे सांगायचे तर आमच्या भागातल्या शेतकऱ्याला ही पद्धत कोणी शिकवायला नको. कळमेश्वर, काटोल, नरखेड हा संत्र्याचा पट्टा. संत्र्याला आंबिया बहार घ्यायचा की मृग, हे दरवर्षी ठरवावे लागते. मृग घ्यायचा तर उन्हाळ्यात झाडाचे पाणी तोडून ताण द्यायचा आणि जूनच्या पावसाची वाट पाहायची. पाऊस वेळेवर आला तर फुलोरा. लांबला तर झाडच सुकायला लागते. आंबियाला हिवाळ्यात ताण देऊन जानेवारीत पाणी सोडायचे, मग उन्हाळाभर विहिरीने साथ द्यायला हवी. वर बाजाराचा खेळ वेगळा. बांगलादेशाने संत्र्यावरचे आयात शुल्क वाढवत नेले आणि तिकडे जाणारा माल रोडावला. त्याची झळ इथल्या बागेपर्यंत आली.

आमच्या ओळखीचे एक काका आहेत, तीन एकरांचा बाग आहे त्यांचा. आम्ही त्यांना विचारले, पाऊस कधी येईल ते माहीत नसताना तुम्ही ठरवता तरी कसे? ते हसून म्हणाले, "गुरुजी, पावसाले इचारून कोनी बाग ठेवते का? अर्धा बाग आंबियाले, अर्धा मृगाले. जे येईन ते येईन, पन आपन उपाशी मरत नाई."

आम्हाला वाटले, आम्ही पुस्तकात वाचलेले सगळे या माणसाने दोन वाक्यांत सांगितले.

कॅलेंडरच्या पाठीमागे

चार दिवसांनी आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. या वेळी सोबत जुन्या कॅलेंडरचे एक पान आणि स्केचपेन नेले. मुलीला, तिच्या अम्मीला, दादींना, सगळ्यांना बसायला सांगितले. म्हटले, आज कोणाचा निर्णय बदलायला आलो नाही. पंधरा वर्षांनंतरच्या देशाच्या गोष्टी सांगायच्या आहेत.

आधी पक्क्या गोष्टी लिहिल्या. मुलगी तेव्हा तिशीत असेल. अब्बा एमआयडीसीतून निवृत्त झालेले असतील. बहुतेक कामे मशीन आणि मोबाईलवर असतील. उन्हाळा आजच्यापेक्षा कडक असेल. मग कच्च्या गोष्टी. त्या खूप निघाल्या, पण सर्वात मोठ्या दोन ठरल्या. माणसे एकमेकांशी जोडलेली राहतील की दुरावतील? रोजगार वाढेल की आटेल? दोन रेघा काढल्या, एक उभी आणि एक आडवी. चार घरे झाली.

नावे घरच्यांनीच दिली. माणसे जोडलेली आणि हाताला काम, ते 'भरला बाग'. माणसे जोडलेली पण काम नाही, ते 'कोरडी ईद'. काम आहे पण मने दुरावलेली, ते 'कुंपणाचा मळा'. आणि दोन्ही बिघडलेले, ते 'बंद दुकान'. हे शेवटचे नाव अब्बांनी दिले. त्यांच्या मनात तेच एक चित्र होते. पण आता ते चारांतले एक झाले होते.

मग आम्ही एकच प्रश्न प्रत्येक घरात विचारला. इथे आपली मुलगी शिकलेली असलेली बरी की न शिकलेली?

पहिल्या तीन घरांचे उत्तर पटकन आले. चौथ्या घरापाशी अब्बा बराच वेळ थांबले. पानाकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "सर, इथं तर शिकलेलीच जास्त लागेल. दवाखान्यात, कचेरीत, कोर्टात, कुठं तरी आपलं म्हणणं मांडणारं कोणी हवं ना." दादींची तस्बीह थांबली. त्या म्हणाल्या, "मग इतके दिवस काय घोळ घालून बसला होतास रे?"

या पद्धतीचा सगळा फायदा इथे आहे. कोणते चित्र खरे ठरेल यावर आम्ही एक शब्दही वाद घातला नाही. चारही चित्रांत टिकणारा निर्णय कोणता, एवढेच शोधले. अब्बांची भीती खोटी आहे असे म्हटले असते तर ते दुखावले असते, कारण ती पूर्ण खोटी नाही. आम्ही तिला कागदावर एक घर दिले.

सगळे प्रश्न मिटले असे नाही. रोजच्या येण्या-जाण्याची काळजी उरलीच. तिच्यासाठी वेगळी चर्चा झाली. वस्तीतल्या आणखी दोन मुली सोबत जातील, उशीर झाला तर नागपूरच्या खालाकडे थांबायचे, दर सहा महिन्यांनी पुन्हा बसून पाहायचे, असे ठरले. प्रवेश झाला. आजही संध्याकाळी अब्बा स्टेशनवर जाऊन उभे राहतात. पुढे काय होईल ते आम्ही सांगू शकत नाही. पण मुलगी शिकते आहे.

आपणही करून पाहा

हे काम एका संध्याकाळचे आहे. प्रश्न एक घ्या आणि साल ठरवा. पक्के आणि कच्चे वेगळे लिहा. दोन मोठ्या कच्च्या गोष्टींच्या रेघा काढून चार घरे करा आणि त्यांना घरगुती नावे द्या. प्रत्येक घराची गोष्ट सांगताना 'मला हवे' हा शब्द बाजूला ठेवा. मग चारही घरांत उपयोगी पडेल असे काम निवडा आणि ते उद्यापासून सुरू करा. कोणते चित्र जवळ येत आहे हे कळण्यासाठी दोन-तीन खुणा लिहून ठेवा. उदाहरणार्थ, वस्तीतल्या किती मुली बारावीपर्यंत टिकल्या, किती मुलांना पक्के काम लागले, सणावाराला शेजाऱ्यांचे येणे-जाणे वाढले की घटले.

आणि शक्य असेल तर हे फक्त आपल्या लोकांत करू नका. शाळेच्या पालक सभेत, नगर परिषदेच्या वॉर्डात, संत्र्याच्या बागवाल्या काकांसोबत करा. मॉन फ्लरला जमलेली माणसे एकाच विचाराची असती तर त्यांच्या चार गोष्टींना कोणी विचारले नसते. देशाचा उद्या एका घरात ठरत नाही. पण तो ज्या टेबलावर ठरतो तिथे आपली खुर्ची रिकामी राहिली, तर त्याचा दोष दर वेळी दुसऱ्याला देता येणार नाही.

ते कॅलेंडरचे पान त्या घरात अजून भिंतीला लावलेले आहे. परवा गेलो तेव्हा पाहिले, मुलीने चारही घरांच्या खाली पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिले होते : इन्शाअल्लाह.